मंजूर झालेली गाडी

लातूरच्या रुळांवर आता विजेच्या तारा आल्या आहेत. परवा आमच्या जुन्या गल्लीतले एक गृहस्थ रस्त्यात भेटले आणि माझा दंड धरून म्हणाले, "आज अप्पा पाह्यजे होते, राव." मी म्हणालो, "बरं झालं नाहीत ते." त्यांना ते लागलं असावं. लागू दे. अप्पा असते तर तारांची उंची चुकली म्हणून त्यांनी तीन पानी अर्ज खरडला असता आणि तो घेऊन थेट माझ्या दारात उभे राहिले असते. मी निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, हे त्यांनी ऐकूनसुद्धा घेतलं नसतं.

अप्पा माझे घरमालक. मी मूळचा भोकरचा, नोकरी उस्मानाबादच्या कलेक्टर कचेरीत. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आम्हा पंचवीस-तीस कारकुनांना फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे पाठवून दिलं. कपाटं आली ती किल्ल्यांवाचून. महिनाभर आम्ही कागद बाकांवर आणि खिडक्यांत रचून कारभार केला. मी आवक-जावक शाखेत होतो. म्हणजे कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायचा. या एका गोष्टीसाठी अप्पांनी मला खोली दिली. माझी जात, गाव, पगार काही विचारलं नाही. "आवक तुमच्याकडं हाय ना?" एवढंच विचारलं आणि कुलूप काढलं.

घराणं आडत्यांचं. भाऊ, पुतणे सगळे गंजगोलाईत धान्याच्या व्यापारात. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आल्यागेल्याला नमस्काराऐवजी "शरणार्थी" म्हणणारी सरळ माणसं. त्यांत हे एकटे तरुणपणी मुंबईकडे पळाले आणि विजेच्या गाड्यांच्या कारशेडमध्ये चिकटले. उभा जन्म तिथे काढून पेन्शन घेऊन परत आले ते डोक्यात ती गाडी घेऊनच. गाडी म्हणजे रोज कामावर जाणाऱ्यांना नेणारी-आणणारी, वरच्या तारेवर चालणारी, दोन्ही टोकांना चालकाची खोली असणारी. तिला 'लोकल' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "लोकल म्हंजे गावठी. ती काय गावठी हाय का?" असं म्हणून ते समोरच्याला गप्प करत. एस्टीला ते मोटार म्हणत, बैलगाडीला छकडा, आणि लातूरला तेव्हा येणाऱ्या छोट्या रुळांवरच्या कोळशाच्या आगगाडीला नुसतं "ते धूर". 'गाडी' हा शब्द त्यांनी एकाच वस्तूसाठी राखून ठेवला होता.

आता गंमत अशी की या माणसानं ती गाडी कधी चालवली नव्हती. त्यांचं काम डब्यांतले दिवे आणि पंखे तपासायचं. गाडी शेडमध्ये आली, धुतली गेली, की हे आत शिरत. त्यामुळे त्यांनी ती आयुष्यभर रिकामीच पाहिली. गर्दीबद्दल कोणी काही बोललं तर त्यांना खरंच कळत नसे. "माणसं बसली की गाडी खराब व्हते," असं ते मनापासून सांगत. ज्या माणसाला प्रवासीच नको आहेत तो रेल्वे मागतो, हे मला तेव्हाही हास्यास्पद वाटे आणि आजही वाटतं.

गाड्यांमध्येही त्यांच्या लेखी जाती होत्या. एक जुनी जात, तीच काय ती खरी. तिचे दिवे पितळी, तिची बाकं लाकडी, तिचा आवाज खर्जातला. नंतरच्या जातींचा विषय निघाला की ते दुसरीकडे बघत. त्या जुन्या जातीत म्हणे एका डब्यात मोटार असायची आणि बाकीचे डबे नुसते मागे-पुढे जोडलेले, त्यांना ट्रेलर म्हणायचं. हे सूत्र लावून त्यांनी सगळ्या लातूरची वाटणी केली होती. कलेक्टर मोटार-डबा. गल्लीतला शिंपी मोटार-डबा. स्वतः तर अर्थात. मला पहिल्याच दिवशी खालून वर न्याहाळून म्हणाले, "तुम्ही ट्रेलर." माझ्या बायकोसमोर म्हणाले.

त्यांच्या घरात एक विजेची घंटा होती. बटण यांच्या खाटेशी, घंटा स्वयंपाकघरात. गाडीतला गार्ड चालकाला देतो तशा खुणा ठरलेल्या. दोन टोले म्हणजे निघा, एक टोला म्हणजे थांबा. दोन टोले पडले की मावशींनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, चहा आणायचा. ताटात भाकरी वाढताना एक टोला पडला की हात आखडायचा. त्या काळात लातूरला वीज असे कमी आणि जाई फार. वीज नसली की हा गृहस्थ खाटेवर बसून तोंडानं "टण् टण्" असं ओरडे. मावशी आतून म्हणत, "आले वो, आले. तोंड हाय म्हून बरं हाय." मी भिंतीपलीकडे दात-ओठ खात बसे.

दर सोमवारी अर्ज. विषय ठरलेला: लातूर ते नांदेड विजेची गाडी सुरू करण्याबाबत. सोबत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा. अहमदपूर, लोहा अशी मोठी ठाणी तर होतीच, शिवाय मधल्या प्रत्येक वाडीला थांबा. एका थांब्याला त्यांनी आपल्या मामाच्या शेताचं नाव दिलं होतं. घरी माझ्या हातात अर्ज कधी दिला नाही. कचेरीत येत, खिडकीपुढे रांगेत उभे राहत आणि मला कधी पाहिलंच नाही अशा चेहऱ्यानं कागद आत सरकवत. "पोच द्या." मी पोच देई. कागद वर जाई आणि 'संबंध नाही, दप्तरी दाखल' असा शेरा घेऊन संध्याकाळच्या आत खाली येई. उत्तर कधीच गेलं नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "अप्पा, रेल्वे कलेक्टरच्या हातात नसते." ते म्हणाले, "जिल्हा तरी कुठं व्हता तुमच्या कलेक्टरच्या हातात? मागला म्हून झाला न्हवं?" मी पोच देऊन टाकली. वेड्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मग ते दुष्काळाचं साल आलं. आधी नळ आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, मग नुसता फुसफुस वारा. गल्लीतल्या विहिरीत डोकावलं की तळातली फुटकी घागर दिसे. हापसा एकच जिवंत होता, तो रेल्वेफाटकापलीकडे, पाऊण कोसावर. माझी बायको तेव्हा नुकती भोकरहून बाळंतपण करून आली होती. तीन महिन्यांची पोरगी. लंगोट धुवायला पाणी नाही, म्हणून आम्ही ते उन्हात वाळवून झटकून पुन्हा वापरत होतो. पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. रात्रंदिवस रडायची. बाकीच्या गल्ल्यांना टँकर सुरू झाला, आम्हाला नाही. कारण कागदावर आमच्या गल्लीत विहीर होती. त्या कागदावर माझ्याच हातचा आवक नंबर होता.

टँकर हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नसे. बायका म्हणत, गाडी. "गाडी आली का?" "त्यांच्याकडं सकाळच्याला गाडी येतीय." सगळ्या गावाच्या तोंडी एकच शब्द.

टंचाईची गाऱ्हाणी ऐकायला कलेक्टरसाहेब शाळेच्या मैदानात बसणार असं जाहीर झालं. प्रत्येक गल्लीनं एक माणूस पाठवायचा. आमच्या गल्लीनं अप्पांना निवडलं. मी विरोध केला. पण त्यांच्याकडे कोट होता, त्यांना चार इंग्रजी शब्द येत होते आणि हाकिमासमोर त्यांची जीभ अडखळत नसे. शिंपी त्यांना बजावून म्हणाला, "अप्पा, दुसरं कायबी काढू नका बरं. नुसतं गाडीचं बोला."

"गाडीचंच बोलतो," अप्पा म्हणाले. "दुसरं मी कशाला बोलू?"

मी तिथे उभा होतो. मला ऐकताक्षणी कळलं. शिंप्याला नाही कळलं. मी शिंप्याला बाजूला घेऊन समजावलं, तर तो म्हणाला, "तुमचा अप्पावर राग हाय म्हून तुम्ही असं म्हून राहिलाव."

मैदानात मी टिपणं घ्यायला साहेबांच्या डाव्या हाताला बसलो होतो. ऊन रणरणत होतं. साहेबांनी तोवर चाळीसेक माणसं ऐकली होती. अप्पा आले, बटणं लावलेला कोट, हातात कॅलेंडराची गुंडाळी.

"बोला."

"आमच्या भागाला गाडी पाह्यजे, साहेब."

"फेऱ्या किती?"

"सुरुवातीला दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक. मागणी वाढली की वाढवता येतील."

साहेबांनी मान वर केली. एवढं मोजकं मागणारा त्यांना सकाळपासून भेटला नसावा. "गाडी उभी करायला जागा आहे?"

"माझ्या घरामागचा पलाट खाली हाय. मी फुकट देतो."

"वळवायला?"

"वळवावं लागत न्हाई. दोन्हीकडून चालती."

"रिव्हर्सनं येईल म्हणतात," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "घ्या लिहून. मंजूर."

अप्पांनी गुंडाळी सोडायला सुरुवात केली होती. पण पुढचा माणूस त्यांना ढकलून पुढे आला. मी काय करायला हवं होतं? "साहेब, हे रेल्वे मागतायत," असं म्हणायला हवं होतं. मी खाली मान घालून लिहिलं: गाडी, दोन फेऱ्या, मंजूर. माझ्या डोळ्यांपुढे पोरीचं अंग होतं. एका खुळ्याच्या खुळेपणावर माझ्या घराला पाणी मिळणार असेल, तर मी कशाला मधे पडू?

त्या संध्याकाळी गल्लीत साखर वाटली गेली. अप्पांनी वाटली, गल्लीनंही वाटली. दोघंही एकमेकांच्या तोंडात घास घालत होते आणि दोघांची गाडी वेगळी होती. पुढचे दोन दिवस अप्पांनी प्लॉटवरची बाभळीची काटेरी झुडपं स्वतः तोडली, दगड वेचले आणि चुन्यानं एक सरळ रेघ मारली. मावशींनी विचारलं, "रेघ कशाला वो?" तर म्हणाले, "गाडी येताना लोकं पुढं येत्यात."

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. रिव्हर्सनंच आला आणि चुन्याच्या रेघेवरून मागचं चाक नेत उभा राहिला. अप्पा कोट घालून उभे होते.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"गाडी की, अप्पा," ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. "तुमच्याच नावानं निघालीय."

तोवर बायका घागरी घेऊन त्यांच्या अंगावरून पुढे गेल्या होत्या. माझी बायकोही गेली. अप्पा एका बाजूला सरकले, मग आणखी सरकले, मग घरात गेले. मला हसू आवरेना. भिंतीला तोंड लावून हसलो मी. त्या दिवशी पोरीला भोकरहून आणल्यापासून पहिल्यांदा भरपूर पाण्यानं न्हाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीच्या खिडकीशी आले. रांगेतून. अर्ज दोनच ओळींचा होता. मी मागितली ती गाडी ही नव्हे. चुकीनं मंजूर झालेली गाडी शासनानं परत घ्यावी व मूळ मागणीचा विचार व्हावा.

"अप्पा, डोकं ठिकाणावर आहे का?" मी हळूच म्हणालो. "हा कागद वर गेला तर टँकर उद्या बंद होईल."

"जे मी मागलंच न्हाई ते माझ्या नावावर कामून? पोच द्या."

मागे रांग होती. मी खण उघडला. त्यात जुन्या जिल्ह्याचा रद्द झालेला शिक्का पडून होता. त्या शिक्क्यानं पोच दिली, वर मनानं एक नंबर टाकला आणि अर्ज माझ्या पिशवीत घातला. नोंदवहीत काही लिहिलं नाही. नोकरीत मी केलेली ही पहिली लबाडी, आणि ती मला अजिबात खुपली नाही.

मला खुपलं ते पुढचं. या गृहस्थांनी टँकरच्या पाण्याला शिवायचं बंद केलं. आपण गाडी परत केली आहे, लेखी केली आहे, उत्तर येईपर्यंत तिचं पाणी आपल्याला चालत नाही. मावशी भरत, स्वयंपाकही त्याच पाण्यावर होई, त्याला त्यांचा इलाज नव्हता. पण प्यायचं आणि पूजेचं पाणी हे रोज फाटकापलीकडच्या हापशावरून स्वतः आणत. सत्तरीचा माणूस, पितळी कळशी खांद्यावर, कोट अंगात. टँकर दारात उभा आणि हे त्याला वळसा घालून पाण्याला निघाले आहेत, हे दृश्य रोज सकाळी सगळी गल्ली बघे. काही जण हात जोडत. मी तोंड फिरवत असे. तत्त्वासाठी कष्ट करावेत, पण तत्त्व तरी काय? म्हणे गाडी निराळी!

"उत्तर आलं का?" रोज विचारत.

"विचाराधीन आहे," मी रोज सांगत असे.

मग व्हायचं तेच झालं. हापशाच्या शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला आणि ते पडले. पायाला प्लास्टर, महिनाभर खाटेवर. आता यांचं पाणी कोण आणणार? मावशींना तेवढं चालवत नव्हतं. माझी बायको मला म्हणाली, "तुम्ही आणा." मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "त्यांच्यामुळं आपल्या लेकरानं अंघोळ केली." मग लातूर जिल्ह्याचा आवक कारकून, म्हणजे मी, रोज पहाटे पाऊण कोस कळशी घेऊन जाऊ लागलो. तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी टँकरच्या नळाखाली कळशी धरली, अर्धा तास घरात बसून राहिलो आणि घाम पुसत अप्पांच्या खाटेशी ठेवली.

त्यांनी पेला भरला. एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"तुमचं पाणी बी तुमच्या शिक्क्यावानीच हाय," ते म्हणाले.

त्यांनी उशीखालून पोच काढली. तिच्यावर निळ्या शाईत गोल, ठसठशीत, उस्मानाबाद.

"केव्हा पाहिलंत?"

"कचेरीच्या पायरीवरच. इतके साल पोचपावत्या घेऊन राहिलोय, शिक्का वाचल्याबगैर खिशात घालीन का?"

"मग बोलला का नाहीत? रोज उत्तर विचारत होतात!"

"बोलून काय केलं असतं? तुम्ही खरा शिक्का मारला असता. मंग त्या बायांनी घागरी कुठं धरल्या असत्या?" त्यांनी पोच परत उशीखाली सारली. "रोज इचारायचं म्हून इचारायचो. तुम्हाला तरी याद ऱ्हावी, की कागद एक तुमच्याजवळ हाय."

"आणि तुम्ही पाणी का नाही प्यायलात मग?"

"ते माझं न्हाई."

मला त्या क्षणी त्यांचा जेवढा संताप आला तेवढा आधी कधीच आला नव्हता. मला वाटत होतं मी एका बावळटाला फसवून गल्ली जगवतोय. तर हा माणूस सगळं माहीत असून गप्प बसला होता, मला फसवू देत होता आणि वर स्वतः पाय मोडून घेऊन पडला होता. मी कळशी उचलली, बाहेर ओतली आणि हापशावर गेलो. पुढचे सगळे दिवस गेलो. आपल्या अर्जाचं काय, असं त्यांनी परत विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "पाणीपाऊस झाला की नंबर टाका त्याच्यावर. खरा."

पुढच्या सालाला पाणी बरं झालं. विहिरीला झरा लागला, नळ आला, टँकरची कोणाला गरज उरली नाही. मी पिशवीतून तो अर्ज काढला, त्याला खरा नंबर टाकला, नव्या जिल्ह्याचा शिक्का मारला आणि वर पाठवला. या वेळी 'दप्तरी दाखल' आलं नाही. टँकर बंद करायला शासनाला निमित्त हवंच होतं. शेरा आला: अर्जदारास कळवावे. उत्तराचा मसुदा करायचं काम माझ्याकडेच होतं.

त्यात 'टँकर' लिहायला हवं होतं. मी मुद्दाम 'गाडी' लिहिलं. चेष्टा म्हणून. पाऊण कोस वाहिलेल्या कळशांचा राग होता, दुसरं काही नाही. 'आपल्या मागणीवरून मंजूर करण्यात आलेली गाडी, आपल्या अर्जास अनुसरून, बंद करण्यात येत आहे.' साहेबांनी न वाचता सही केली. पोस्टानं पाठवलं, म्हणजे पत्र घरी येईल तेव्हा त्यांचं तोंड मला बघता येईल.

पत्र रविवारच्या आदल्या दिवशी आलं. इतक्या वर्षांत शासनानं अप्पांना पाठवलेलं पहिलं उत्तर. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. लंगडत बाहेर आले आणि शिंप्याला, त्याच्या शेजाऱ्याला, मावशींना हाका मारून गोळा केलं.

"गाडी बंद केली म्हंत्यात," ते म्हणाले. त्यांनी कागद सगळ्यांपुढे धरला. "बंद केली म्हंजे काय? चालू व्हती. मंजूर झाल्ती, चालू व्हती, आन् आता बंद केली. लेखी हाय. साहेबाची सही हाय."

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, ते मला कळलं नाही. अप्पा माझ्याकडे आले.

"मसुदा तुमचाच असणार. तुम्ही टँकर लिहू शकला असता."

माझ्या तोंडावर आलं होतं की, अप्पा, मी ते तुमची थट्टा करायला लिहिलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला बोलवेना. मला माझी लाज वाटली. फार लाज वाटली.

"याची एक नक्कल करून द्या," ते म्हणाले. "हे खराब व्हईल. माझ्यामागं कुणी म्हणलं की म्हातारा खुळा व्हता, तर मावशीला दाखवायला पाह्यजे."

मी आत जाऊन कागद घेतला. चांगल्या अक्षरात, एकही शब्द न बदलता, सगळं उतरवलं. शेवटी डाव्या कोपऱ्यात 'खरी नक्कल' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली.